प्रमाणपत्र घ्यायचं, पण कुणाचं?

पत्र: काका, मी भुसावळचा. आयटीआयला वीजतंत्री केलं, शिकाऊ उमेदवारी झाली आणि गेली चार वर्षं जळगावात एका दुकानात कामाला आहे. कॅमेरे, इन्व्हर्टर, एसी, टीव्ही भिंतीवर चढवणं आणि आता आता होम थिएटर. मागच्या दिवाळीआधी एका सराफांच्या बंगल्यात आम्ही सगळी वायर ओढली, पेट्या बसवल्या. शेवटी पुण्याहून एक जण आला, लॅपटॉप जोडून दोन दिवस हॉलमध्ये बसला आणि रिमोट प्रोग्राम करून गेला. एका बटणावर पडदे, लाइट, प्रोजेक्टर, एसी सगळं चालतं. त्याचं दोन दिवसांचं बिल माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठं होतं. मलाही तेच शिकायचंय. एका क्लासची जाहिरात आली आहे : दहा दिवस, ६५ हजार रुपये, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त होम ऑटोमेशन प्रोग्रामर’ असं प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी. वडिलांची रावेर तालुक्यात केळी आहे. माल कापला की पैसे देतो म्हणतात. आई म्हणते, महावितरणची विद्युत सहायकाची भरती निघाली की फॉर्म भर, हे रिमोटचं खूळ सोड. इंग्रजी माझं बेताचंच. काय करू?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: भाऊ, क्लासचे ६५ हजार आत्ता भरू नकोस. आणि खूळही सोडू नकोस, कारण ते खूळ नाही, चांगला धंदा आहे.

आधी त्या क्लासला फोन लाव आणि तीन गोष्टी विचार. हे प्रमाणपत्र नेमकं देतं कोण? ज्या कंपनीचं किंवा संघटनेचं नाव ते सांगतील, तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर प्रशिक्षण केंद्रांच्या यादीत तुमचं नाव मला दिसेल का? आणि कोर्स संपल्यावर कोणतं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर कायदेशीरपणे उरेल? पहिल्या प्रश्नाला ‘आमचीच संस्था देते, जगभर चालतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवायला हरकत नाही. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हे शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. नोकरीच्या हमीचंही तसंच. नोकरी कुठली, किती पगाराची आणि लागली नाही तर फी परत का, हे लेटरहेडवर मागून बघ. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

खरी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून तो नीट समजावून सांगतो. पुण्याहून आलेल्या त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये जे होतं, ते बाजारात मिळत नाही. कंट्रोल-फोर या होम ऑटोमेशन कंपनीची सिस्टीम असेल तर ती ‘कंपोझर प्रो’ या सॉफ्टवेअरने बसवतात, आणि ते कंपनी फक्त आपल्या डीलरांना देते. युनिव्हर्सल रिमोट कंट्रोल, म्हणजे धंद्यातले लोक ज्याला ‘यूआरसी’ म्हणतात, आरटीआय, क्रेस्ट्रॉन या याच धंद्यातल्या इतर कंपन्यांचाही साधारण हाच रिवाज. प्रशिक्षण कंपनीचं, परीक्षा कंपनीची, सॉफ्टवेअर कंपनीचं, आणि या सगळ्याचं दार डीलरच्या दुकानातून उघडतं. तू एकटा उठून ‘मला शिकवा, पैसे देतो’ म्हणालास तरी ते आधी विचारणार, कोणत्या डीलरकडे आहेस? म्हणजे या कंपन्यांच्या बाबतीत गाडी उलटी चालते. आधी डीलरशिप, मग प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र. सराफांच्या बंगल्यात आलेल्या त्या माणसाला बहुधा त्याच्या मालकानेच शिकायला पाठवलं असणार.

मग बाहेरचा एखादा क्लास ‘कंट्रोल-फोर शिकवतो’ म्हणाला, तर एक तर तो पडद्यावर चित्रं दाखवतोय, नाही तर कुठून तरी मिळवलेलं सॉफ्टवेअर चालवतोय. दुसऱ्या प्रकारात पुढे तूच अडकशील, कारण प्रत्यक्ष घरातली सिस्टीम कंपनीच्या खात्यावर नोंदवावी लागते आणि ते खातं तुझ्याकडे नसतं.

हा झाला कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा प्रकार. दुसरा प्रकार खुल्या मानकाचा, म्हणजे जे कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्यात सगळ्यात मोठं नाव केएनएक्स. युरोपातल्या तीन जुन्या पद्धती, बॅटिबस, ईआयबी आणि ईएचएस, १९९९ मध्ये एका छत्राखाली आल्या आणि त्यातून हे उभं राहिलं. आता ते आयएसओ/आयईसी १४५४३-३ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि शेकडो कंपन्या त्यावर चालणारी उपकरणं बनवतात. स्विच एका कंपनीचा, डिमर दुसरीचा, पडद्याची मोटर चालवणारं मॉड्यूल तिसरीचं, आणि सगळ्यांना प्रोग्राम करायला सॉफ्टवेअर एकच : ईटीएस. त्याचा परवाना कुणालाही विकत घेता येतो. मोजकीच उपकरणं जोडू देणारी त्याची डेमो आवृत्ती फुकट मिळते, आणि संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासही फुकट आहे. मान्यताप्राप्त केंद्रात बेसिक कोर्स करायचा, परीक्षा पास व्हायची, की तू ‘केएनएक्स पार्टनर’. इथे डीलर लागत नाही, शिफारस लागत नाही. केंद्रं भारतातही आहेत आणि यादी संघटनेच्या वेबसाइटवर दिसते. तुझ्यासारख्या, पाठीशी मोठं दुकान नसलेल्या पण वायरिंग हातात मुरलेल्या माणसाला हे सरळ पडतं. उपकरणांमधले निरोप नेणारी हिरवी तार, म्हणजे बस केबल, तिच्यावर साधारण ३० व्होल्ट डीसी, प्रत्येक उपकरणाला एरिया, लाइन आणि नंबर असा पत्ता, उदाहरणार्थ १.१.५. वीजतंत्री शिकलेल्याला यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

तिसरा प्रकार धंद्याच्या संघटनांचा. घरगुती कामासाठी सीडिया, तिच्या केबलिंग तंत्रज्ञाच्या आणि एकूण सिस्टीमच्या तंत्रज्ञाच्या परीक्षा असतात. ऑफिस, सभागृह, बोर्डरूम यांच्यासाठी एव्हिक्सा, तिची सीटीएस ही परीक्षा. कागद वजनदार आहेत, पण सराफ बाजारातल्या गिऱ्हाईकाला त्यांचं काही पडलेलं नसतं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीत किंवा आखातात जायचा विचार पक्का झाला तर सीटीएसकडे बघ. दर तीन वर्षांनी ३० गुण जमवून ती जिवंत ठेवावी लागते, हे आधीच माहीत असू दे.

कंपनीच्या कागदाचं आणखी एक. तो कंपनीबरोबर वाढतो आणि कंपनीबरोबरच म्हातारा होतो. फिलिप्सचा प्रोन्टो हा रिमोट एके काळी या धंद्याचा राजा होता, लोकांनी त्याच्या प्रोग्रामिंगवर संसार चालवले, आणि फिलिप्सने तो गुंडाळला. लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी रिमोट बनवणं थांबवलं. कंट्रोल-फोर २०१९ मध्ये एका दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि २०२४ मध्ये ती सगळी रेसिडिओने विकत घेतली. म्हणून शिकायचं असं, की उद्या पाटी बदलली तरी हात रिकामा होऊ नये.

तर आता हातात काय असायला हवं त्याबद्दल. तो माणूस हॉलमध्ये दोन दिवस का बसला, याचा विचार केलास का? बटणांना कोड, म्हणजे यंत्रांना जाणारे निरोप, चिकटवायला दोन तासही लागत नाहीत. उरलेला सगळा वेळ एकाच प्रश्नावर जातो : आत्ता कोणतं यंत्र चालू आहे आणि कोणतं बंद?

समज, ‘सिनेमा’ असं एक बटण केलंस. त्याने टीव्ही चालू व्हावा, अ‍ॅम्प्लिफायर चालू होऊन योग्य इनपुटवर जावा, पडदे सरकावेत, लाइट मंद व्हावेत, एसी २४ वर यावा. टीव्हीच्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं. तेच चालू करतं आणि तेच बंद. तो कोड तू सिनेमात टाकलास आणि नातवाने आधीच कार्टून लावलेलं असलं, तर तुझं बटण दाबल्यावर टीव्ही बंद होणार आणि बाकीचं सगळं थाटात सुरू होणार. म्हणून ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोड शोधायचे असतात. त्यांना डिस्क्रीट कोड म्हणतात. कंपनीच्या रिमोटवर ती बटणं नसतात, पण बऱ्याच टीव्हींना ते कोड कळतात. कुठे कळत नसतील तर इनपुट निवडण्याचा कोड पाठवून बघायचा. काही टीव्ही त्यानेच जागे होतात. त्यातून एचडीएमआयच्या तारेतून यंत्रं एकमेकांना परस्पर चालू-बंद करतात, त्या सोयीला सीईसी म्हणतात. सेट-टॉप बॉक्सने टीव्ही चालू केला, आणि मागोमाग तुझ्या रिमोटच्या पॉवर कोडने तो बंद केला, असं भांडण मी किती घरांत पाहिलंय! आधी ठरवायचं, घरात हुकूम कुणाचा. सीईसीचा की रिमोटचा. दोघांचा नाही.

एसी हे वेगळंच प्रकरण. टीव्हीच्या रिमोटचा ‘आवाज वाढव’ म्हणजे खरोखर तेवढाच निरोप असतो. एसीच्या रिमोटवर ‘तापमान वाढव’ दाबलं की तो ‘कूल, २५, पंखा मध्यम, स्विंग चालू’ अशी अख्खी स्थिती पाठवतो. टीव्हीच्या बऱ्याच रिमोटांत असणाऱ्या एनईसी पद्धतीच्या कोडात ३२ बिट असतात. एसीच्या निरोपात शंभराहून जास्त असणं नेहमीचं. त्यामुळे एसीच्या रिमोटवरून ‘वाढव’ आणि ‘कमी कर’ ही दोन बटणं नव्या रिमोटला शिकवणाऱ्याची फजिती ठरलेली. दहा वेळा ‘वाढव’ दाब, एसी आपला २५ वरच. तिथे ‘२४ कूल’, ‘२६ कूल’, ‘बंद’ अशा ठरीव स्थितींची बटणं करायची.

प्रोजेक्टर दिव्याचा असला तर चालू झाल्यावर थोडा वेळ तो कुणाचं ऐकत नाही. लगेच पाठवलेला इनपुटचा कोड हवेत जातो. घड्याळ लावून मोज, किती सेकंदांनी ऐकू लागतो, आणि त्यावर थोडं जास्तच थांब. बंद करताना बरेच प्रोजेक्टर ‘नक्की?’ असं विचारतात, म्हणजे पॉवर दोनदा पाठवावा लागतो, मध्ये थोडं अंतर ठेवून.

आणि आपल्याकडची वीज. बत्ती गेली, आली. काही यंत्रं आल्यावर झोपून राहतात, काही पूर्वी होती त्या स्थितीत उठतात, एसीत ऑटो रीस्टार्ट असला तर तो एकटाच सुरू होऊन बसतो. रिमोटला वाटतं सगळं अजून चालूच आहे, कारण त्याने बंदचा निरोप पाठवलेलाच नाही. रिमोट ज्या न दिसणाऱ्या प्रकाशाने निरोप पाठवतो ते इन्फ्रारेड एकतर्फी असतं, उलट उत्तर येत नाही. म्हणून चांगल्या सिस्टीममध्ये जिथे जमेल तिथे आरएस-२३२ नावाच्या जोडणीची किंवा लॅनची (नेटवर्कची) तार ओढून यंत्रालाच विचारतात, ‘बाबा, तू चालू आहेस का?’ ते जमत नसेल तर वीजप्रवाह ओळखणारा सेन्सर लावतात. कोणत्याही चांगल्या कंपनीच्या प्रशिक्षणात या उलट येणाऱ्या उत्तराला मान असतो. पुण्यात शिकलेल्याला हे पुस्तकातून कळतं. जळगावच्या मे महिन्यात, दुपारी चारला लाइट गेलेल्या बंगल्यात उभं राहिलेल्याला ते घामाने कळतं, आणि तो अनुभव तुझ्याकडे आयता आहे.

मे महिन्याचं निघालंच म्हणून सांगतो. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप टीव्हीच्या रिसीव्हरवर पडली की रिमोट चालत नाही. उन्हात इन्फ्रारेड ठासून भरलेलं असतं, त्यात रिमोटचा ३८ किलोहर्ट्‌झचा झोत बुडून जातो. संध्याकाळी तोच रिमोट झकास चालतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणणार, ‘रिमोट नही चाली ऱ्हायना, भाऊ,’ आणि तू सात वाजता गेलास तर चालतोय! अशी तक्रार आली की जाण्याआधी एवढंच विचार, किती वाजता चालत नाही.

हे सगळं शिकायला ६५ हजार लागत नाहीत. एक अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, घे, टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर घे (शेवटचे आकडे ३८ किलोहर्ट्‌झचेच), ९४० नॅनोमीटरचे दोन-चार इन्फ्रारेड एलईडी, एक ट्रान्झिस्टर. आयआररिमोट नावाची लायब्ररी, म्हणजे अर्डुइनोवर रिमोटचे कोड वाचणारा तयार प्रोग्राम, फुकट आहे. सगळं मिळून खर्च शेकड्यांत बसतो. घरातल्या प्रत्येक रिमोटचं बटण त्याच्यासमोर दाबून काय छापून येतं ते वहीत उतरव. ९ मिलिसेकंदांचा झोत, साडेचारची उसंत आणि मग बिटांची रांग, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की पुढे कोणत्याही कंपनीचं सॉफ्टवेअर तुला परकं वाटणार नाही. इंटरनेटवर कोड मिळतात त्यांची सुरुवात बऱ्याचदा ‘०००० ००६डी’ अशी असते. ही त्या प्रोन्टोचीच लिपी, राजा गेला तरी भाषा मागे राहिली. दुसरा आकडा वारंवारता सांगतो. ००६डी म्हणजे ३८ किलोहर्ट्‌झ. एलईडी पेटतोय का हे बघायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा वापर, मागच्या कॅमेऱ्यात बहुधा फिल्टर असतो.

मग स्वतःच्या घरात एक बटण तयार कर, ज्याने टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि असला तर एसी सुरू होईल. ते तीन कसोट्यांवर घास. लागोपाठ दोनदा दाबलं तर? मेन स्विच पाडून पुन्हा चढवल्यावर दाबलं तर? आणि आईने जुन्या रिमोटने टीव्ही लावून ठेवला असताना दाबलं तर? तिन्ही वेळा बरोबर चाललं, तर पुण्याच्या त्या माणसाच्या कामाचा अर्धा भाग तुला आला. हे शिकून झाल्यावर एखादा जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊन त्यावर होम असिस्टंट हे घरातली यंत्रं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर टाक, तेही फुकट आहे. त्यात लॅन, आयपी पत्ते, राउटर यांच्याशी झटापट होईल, आणि ती व्हायलाच हवी. चालती सिस्टीम अचानक बंद पडण्याची फार मोठी कारणं शोधत बसू नकोस. ब्रॉडबँडवाल्याने राउटर बदलला आणि सगळ्या यंत्रांचे पत्ते बदलले, हे आधी तपास.

आता खान्देशातल्या कामाचं. नुसतं प्रोग्रामिंग करून जळगाव-धुळ्यात वर्षभर पोट भरेल, असं मला वाटत नाही. पण जे बंगले आधीच झालेत, जळगावात, धुळ्यात, शिरपूरला, त्यांची देखभाल कोण करतं? बसवणारा पुण्याचा किंवा सुरतेचा. पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडून एक मॉड्यूल गेलं, तर तो तीन आठवड्यांनी येतो. तिथे तुझी जागा आहे. फक्त एक पथ्य : कोणतंही चालू काम हातात घेण्याआधी मालकाला विचार, प्रोजेक्टची फाइल कुठे आहे? केएनएक्समध्ये उपकरणांत भरलेला प्रोग्राम वाचून मूळ प्रोजेक्ट जसाच्या तसा परत उभा करता येत नाही. फाइल बसवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि बसवणारा फोन उचलत नाही, अशी घरं आहेत. तिथे किरकोळ दुरुस्तीचा दर सांगून आत शिरू नकोस. सगळं नव्याने करायचं काम आहे, ते तसंच सांग. आणि तू स्वतः काम केलंस की शेवटचं बिल घेताना फाइल पेनड्राइव्हवर मालकाच्या हातात दे. ती त्याची आहे, त्याने पैसे मोजलेत. शहाणे प्रोग्रामर फाइल दाबून ठेवतात, गिऱ्हाईक बांधलेलं राहतं म्हणून. मला ती शहाणपणाची रीत वाटत नाही, आणि जळगावसारख्या गावात तर मुळीच नाही, जिथे एका सराफाच्या ओट्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात होते.

तुझ्या दुकानाच्या मालकाशी बोललास का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पुण्याच्या माणसाचं बिल शेवटी त्याच्याच नफ्यातून गेलं ना? त्याला सांग, ‘शेठ, अशी वर्षाला चार कामं येणार असतील तर एखाद्या कंपनीची डीलरशिप घ्या, मला प्रशिक्षणाला पाठवा, मी अमुक काळ सोडून जाणार नाही.’ तो काळ ठरव, कागदावर घे, आणि सोडावंच लागलं तर किती पैसे परत द्यायचे तेही त्याच कागदावर येऊ दे. कोरा बाँड किंवा मूळ मार्कशीट मात्र कुणाकडे ठेवू नकोस. प्रशिक्षणाचं खातं दुकानाच्या नावाशी जोडलेलं असणार, त्यामुळे दुकान सोडलंस की सॉफ्टवेअर हातचं जाईल, हे धरून चाल. प्रमाणपत्राची प्रत तेवढी स्वतःच्या ई-मेलवर मागवून ठेव. मालक ‘बघू’ म्हणाला तर सहा महिने थांब. तोवर तू केएनएक्सचा फुकटचा अभ्यास संपवलेला असशील, आणि मालकाशिवायचा रस्ताही मोकळा असेल.

आईचं म्हणणं मला पटतं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. भरती निघाली की फॉर्म जरूर भर. विद्युत सहायकाची पहिली तीन वर्षं मानधनावर जातात हे घरात आधी बोलून घे, पण त्यानंतर ती कायमची नोकरी आहे आणि तिची किंमत कमी लेखण्यात अर्थ नाही. फॉर्म भरणं आणि अर्डुइनोवर कोड उतरवणं, दोन्ही एकाच महिन्यात होतं. त्याआधी तारतंत्रीचा परवाना काढला नसशील तर काढ. रिमोट कितीही गोड चालू दे, भिंतीमागे २३० व्होल्टच आहेत, आणि ते काम परवानाधारकाचं. उद्या स्वतःच्या नावाने काम घ्यायला लागलास की परवान्याचा नंबर पहिल्यांदा विचारला जाईल. प्रमाणपत्राची चौकट नंतर.

वडिलांना सांग, केळीच्या पैशाचा वायदा आत्ता नको. वादळ आलं की उभी बाग एका रात्रीत आडवी होते आणि भाव तर कापणीच्या दिवशीच कळतो, हे मी त्यांना काय सांगणार. ज्या दिवशी केएनएक्सच्या मान्यताप्राप्त केंद्राकडून फी, तारखा आणि परीक्षेचा खर्च लेखी हातात येईल, त्या दिवशी तो आकडा त्यांच्यासमोर ठेव. फीमध्ये परीक्षा धरली आहे का आणि नापास झालो तर पुन्हा बसायला किती, हे दोन्ही त्यात लिहून घ्यायला सांग.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. कोर्सची पुस्तकं इंग्रजी असतात हे खरं, पण तिथे कुणी निबंध लिहायला सांगत नाही. शे-दीडशे शब्द सारखे सारखे येतात. डेमो सॉफ्टवेअर उघडून मेनूवरचा प्रत्येक शब्द वहीत लिही, समोर मराठीत तो काय करतो ते लिही. केंद्रावर पहिल्या दिवशीच विचार, शिकवणारा हिंदीत समजावतो का. बरेच जण मिसळूनच बोलतात. परीक्षा दोन भागांत असते, एक लेखी आणि एक प्रत्यक्ष. दोन्हींत पास व्हावं लागतं. लेखीत तार किती लांब चालते, एका लाइनवर किती उपकरणं बसतात, पत्ता कसा वाचायचा असले प्रश्न येतात, ते पाठ होतं. प्रत्यक्षमध्ये एक छोटं घर देतात आणि ठरलेल्या वेळात ईटीएसमध्ये ते उभं करून समोरच्या बोर्डावर चालवून दाखवायचं असतं. तिथे आधी ग्रुप अ‍ॅड्रेसांची यादी कागदावर मांड, म्हणजे कुठला स्विच कुठला दिवा चालवतो ते, आणि मगच माऊसला हात लाव. डेमोवर घरी दहा-बारा वेळा असं छोटं घर रच. उपकरणं मोजकीच जोडता येतात, पण सरावाला तेवढी पुरतात.